पंचनाम्याला सुगावा कळत नाही

रहस्यकथा वाचणाऱ्याला एक खोड असते. पहिल्याच प्रकरणात दारामागे छत्री दिसली की तो मनात खूण करून ठेवतो. पुढे उपयोगी पडणार नसेल तर लेखकाने ती ठेवलीच कशाला? हाच वाचक खऱ्या गुन्ह्याचं पुस्तक हातात घेतो आणि पंचनाम्यापाशी अडतो. सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, चतुःसीमा, दोन पंच, आणि मग खोलीत दिसेल ते सगळं: पलंग, उशी, अर्धवट उघडं कपाट, तांब्या. यातलं कामाचं काय, हे लिहिणाऱ्यालाही त्या घडीला ठाऊक नसतं. तांब्यावर संशय घेत बसलेला वाचक चाळीस पानांनी खट्टू होतो, कारण तांब्या शेवटपर्यंत तांब्याच राहतो.

पुण्याचं जोशी-अभ्यंकर प्रकरण घ्या; नाव पडलं ते बळी गेलेल्या दोन कुटुंबांवरून. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून, आणि आरोपी कला महाविद्यालयातली मुलं. पहिलं प्रेत लोखंडी पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात टाकलेलं, शेवटचं लोखंडी शिडीला बांधून नदीत. कादंबरीतला डिटेक्टिव्ह एवढ्यावर आरोपीचं नाव सांगून मोकळा झाला असता. इथे नदीतलं प्रेत वर आलं, ओळखीपाळखीच्यांची चौकशी झाली, जबाब एकमेकांशी जुळेनात आणि टोळीतलाच एक माफीचा साक्षीदार झाला.

रहस्यप्रेमी इथे हिरमुसतो. वास्तविक खरी गंमत इथून पुढे आहे. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे नुसत्या साथीदाराच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकत असे. पण कलम ११४ च्या एका उदाहरणानुसार, महत्त्वाच्या तपशिलांत दुजोरा नसेल तर असा माणूस विश्वासार्ह नाही असं न्यायालय मानू शकत असे. म्हणून हा भाग वाचताना कागदावर दोन रकाने पाडावेत. डावीकडे तो काय म्हणाला, उजवीकडे त्याला दुजोरा कुणाचा: जप्त मुद्देमाल, शवविच्छेदनाचा अहवाल, पंच. (पंच फितूर झाला की उजवीकडची ओळ खोडायची.) पोलिसांपुढचा कबुलीजबाब उजवीकडे घेऊ नये; एरवी तो न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, त्यातून प्रत्यक्ष वस्तू सापडली तरच तेवढ्यापुरता चालतो.

याच खटल्यातला एक आरोपी मुनव्वर शाह याने तुरुंगात 'येस, आय ॲम गिल्टी' हे पुस्तक लिहिलं. प्रथमपुरुषी निवेदक स्वतःला सोयीचं तेवढंच सांगतो, हे कादंबऱ्या पचवलेल्या वाचकाला कुणी शिकवावं लागत नाही. ती सवय मात्र इथे सोडू नये. 'त्या क्षणी तिच्या मनात आलं' असं वाक्य आलं की पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करावं. ती तर मेली. मग हे लेखकाला सांगितलं कुणी?

२७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली, तिथे हे प्रकरण संपतं. अभ्यंकरांचा बंगला होता तो भांडारकर रस्ता मात्र अजून तिथेच असतो. संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन तिथून जाताना, जुन्या बंगल्यांच्या फाटकांकडे बघू नये म्हटलं तरी मान वळतेच.