विरजणाचं गोत्र

आमच्या इमारतीत साखर मागायला आलेलं माणूस "उद्या आणून देते हं" असं म्हणतं. विरजण मागायला आलेलं तसलं काही म्हणत नाही, कारण विरजणाची परतफेड नसते. चमचाभर दही वाटीत पडतं, "फार आंबट नाही ना?" एवढी चौकशी होते आणि दार लागतं. अशा वाट्या जिन्यावरून वरखाली होता होता तिन्ही मजल्यांवरचं दही आता मुळात कुणाचं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. माझ्याकडचं सासूबाईंचं, त्यांच्याकडचं त्यांच्या जुन्या शेजारणीचं, आणि मधे एकदा सगळे गावाला गेलो तेव्हा ते पार बुरसटलं म्हणून कोपऱ्यावरच्या डेअरीतून आणलेल्याचाही त्यात अंश असणारच.

या गोतावळ्याची मला कधी फिकीर नव्हती. दिवाळीत भाची आली आणि प्रश्न निघाला. ती पुण्यात नोकरी करते. सकाळी उठल्यावर तिने पर्समधून एक पुडी काढली, कोमट पाण्यात ढवळली आणि नाक मुरडत प्यायली.

"पोट बिघडलंय का गं?"

"नाही मावशी, हे पोटाचं नाही, डोक्याचं आहे. अँक्झायटीसाठी."

मी चष्मा लावून पाकीट वाचलं. त्यात अब्जावधी जिवाणू होते, आणि प्रत्येकाचं साग्रसंगीत नाव: आधी वंश, मग जात, मग अक्षरं-आकड्यांचं एक शेपूट.

"तुझ्या दह्यात कोणते असतात?" तिने विचारलं.

"घरचे," मी म्हटलं.

ती हसली, पण तिचा प्रश्न रास्त होता. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये प्रोबायोटिकची जी व्याख्या केली, तिच्यात तीन अटी आहेत. सूक्ष्मजीव जिवंत हवेत, पुरेसे हवेत आणि त्यांनी तब्येतीला फायदा व्हायला हवा. हा फायदा तपासून दाखवावा लागतो, आणि तोही त्या विशिष्ट वाणाचा. एकाच जातीचा एक वाण गुणाचा निघतो, दुसरा नुसताच येऊन जातो. म्हणून ते शेपूट महत्त्वाचं. या हिशेबाने आमचं दही म्हणजे स्थळ सोन्यासारखं, पण पत्रिकेत गोत्राचा रकाना कोरा. शिवाय ते रोज एक नसतं. करंगळीला सोसेल इतपत कोमट दुधात विरजण घालून मी पातेलं उन्हाळ्यात ओट्यावर ठेवते, तर सकाळपर्यंत त्याला पाणी सुटलेलं असतं. डिसेंबरात तेच पातेलं जुन्या शालीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात बसवावं लागतं, तेव्हा कुठे कवडी पडते. ऊब बदलली की आत कोणाची चलती होईल तेही बदलतं. असल्या दह्यावर शास्त्रज्ञ काय शोधनिबंध लिहिणार!

त्यांनी लिहिले ते नावानिशी ओळखीच्या वाणांवर. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या जॉन क्रायन यांच्या गटाचा २०११ मधला प्रयोग यात सगळ्यात गाजलेला. त्यांनी काही उंदरांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जेबी-१ हा वाण खाऊ घातला आणि मग त्यांना पाण्यात सोडलं. अशा वेळी उंदीर थोडा वेळ हातपाय मारतो आणि मग आशा सोडल्यासारखा नुसता तरंगतो. जिवाणू खाल्लेले उंदीर जास्त वेळ पोहत राहिले, आणि ताणाचं संप्रेरकही त्यांच्या रक्तात कमी चढलं. मला थक्क केलं ते पुढच्या भागाने. मेंदूच्या बुंध्यापासून मानेतून थेट पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची नस आहे. तिच्यातले बहुतेक तंतू खालचे निरोप वर नेतात. वरचे हुकूम खाली आणणारे थोडे. संशोधकांनी काही उंदरांची ही नस तोडली, तर त्यांच्यावर जिवाणूंचा काही असर दिसेना. म्हणजे निरोप कोणत्या वाटेने जातो, तेच सापडलं.

मग हाच वाण माणसांना दिला. २९ निरोगी पुरुष, ८ आठवडे; त्यातले काही आठवडे खरी गोळी आणि काही आठवडे तुलनेसाठी जिवाणू नसलेली नुसती पोकळ गोळी. ताण, चिंता, स्मरणशक्ती, काही म्हणता काही फरक नाही. हा निकाल २०१७ मध्ये छापला तो कॉर्कच्याच मंडळींनी, आणि म्हणून त्यांच्यावर माझा जास्त भरवसा बसला. पुडीच्या पाकिटावर अर्थातच उंदीरही नव्हते आणि हे २९ जणही नव्हते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसच्या गटाने २०१३ मध्ये निरोगी बायकांना ४ आठवडे दिवसातून दोनदा आंबवलेलं दूध दिलं, आणि रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं बघताना त्यांचा मेंदू स्कॅन केला. भावना सांभाळणाऱ्या भागांतली खळबळ त्यांच्यात कमी दिसली. खर्च केला होता डॅनोनने, म्हणजे योगर्ट विकणाऱ्या कंपनीने. एवढ्यावरून प्रयोग खोटा ठरत नाही, पण वाचताना भुवई वर जातेच.

आणि हे खूळ आजचं नाहीच मुळी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या मेचनिकॉफ यांना १९०८ मध्ये नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारावरच्या कामासाठी; पण लोकांच्या लक्षात राहिले ते आंबट दूध प्या, म्हातारपण लांबवा, असं सांगणारे मेचनिकॉफ. बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी का, तर त्यांच्या आंबट दुधामुळे, असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः ७१ व्या वर्षी गेले. १९१० मध्ये लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयातल्या जॉर्ज पोर्टर फिलिप्स यांनी उदासीनतेच्या १८ रुग्णांवर लॅक्टिक जिवाणूंचे उपचार केले आणि ११ जण बरे झाल्याचं लिहिलं. तुलनेला दुसरा गट नव्हता. दिवस गेले, हवा बदलली, कुणी प्रेमाने बोललं, की खरंच जिवाणूंनीच काम केलं, कोण सांगणार? शंभर वर्षांत प्रयोग सुधारले. जाहिरात मात्र तिथेच आहे.

जाहिरातीतलं एक वाक्य मला विशेष डाचतं: "आनंदाचं रसायन पोटात तयार होतं." शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं, हे खरं, पण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, तिथे बंदोबस्त कडक आहे. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो. पोटातल्या जिवाणूंना वरपर्यंत पोचायला दुसऱ्या वाटा आहेत: ती व्हेगस नस, रोगप्रतिकार यंत्रणा, आणि कोंडा-चोथा पचवून ते जी लहान आम्लं सोडतात ती. यातला शेवटचा हिशेब मला आवडतो, कारण त्यासाठी पुडी लागत नाही. भाकरी, उसळ आणि पालेभाजी लागते. आतले रहिवासी उपाशी ठेवून वरून पाहुणे पाठवत राहण्यात काय हशील?

मुलाच्या दहावीच्या पहिल्या पेपरला सासूबाईंनी त्याच्या हातावर दही-साखर घातली. त्याने ती चाटली आणि हात पँटला पुसला. मी मनात हिशेब मांडला: जठरातल्या आम्लातून जगून वाचून हे जिवाणू आतड्यात पोचेपर्यंत मराठीचा पेपर सुटलेला असेल. पण सासूबाई दाराशी उभ्या होत्या, मागे आजोबा, वरच्या मजल्यावरच्या काकूही कठड्यावरून वाकलेल्या, आणि कारटं लाजून का होईना, हसलं. आता यातला कोणता वाण गुणकारी, ते तपासायला पोकळ दही कुठून आणायचं?

भाचीला मी एवढंच विचारलं की झोप लागते का, जेवण जातं का. तर म्हणाली, कित्येक दिवस रात्री तीनला जाग येते. मग मात्र मी ताईला फोन लावला आणि मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्यायला लावली. पुडी हवी तर घे म्हटलं, पण पुडी घेतेय म्हणून डॉक्टर टाळू नकोस. तिने थोडं तोंड वाकडं केलं, मग मान डोलावली.

त्या रात्री कढी-खिचडी होती. तिने वाटी पुढे केली.

"यातले बॅक्टेरिया तरी कामाचे ना?"

"उकळी आलीय त्याला. सगळे गेले."

"मग काय उपयोग?"

"तूप घेतेस का वर?" सासूबाईंनी मधेच विचारलं, आणि तिने वाटी परत पुढे केली.