दारू कशी सुटली, तुम्ही विचारलंत म्हणून

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, नेमकं काय केलंत, औषध कुठलं घेतलंत. बहुतेक बायकाच विचारतात, नवऱ्यासाठी, आवाज खाली करून. ताई, तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

आधी माझा गाढवपणा. रोजचा अर्धा खंबा, आणि एका सोमवारपासून एकदम बंद, घरच्या घरी, जिद्द म्हणून. दुसऱ्या दिवशी हातात कपबशी वाजायला लागली, तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली आणि मी ती झाडूने झाडत बसलो, मुंगी एकही नव्हती. भावाने उचलून दवाखान्यात नेलं. रोज एवढी पिणाऱ्याने अशी अचानक थांबवली तर फिट येते, माणूस जातोसुद्धा, हे तिथे कळलं. मग सलाईन, बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं, शांत ठेवायच्या गोळ्या हळूहळू कमी करत. त्यामुळे पहिले डॉक्टर, इथे हट्ट नको. आणि भिंतीवर जाहिरात असते ना, 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा', तसली पावडर आईने माझ्या वरणात घातली होती, त्यात काय होतं देव जाणे, मला कळल्यावर मी महिनाभर घरी जेवलोच नाही.

मग एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट. 1935 साली अमेरिकेत शेअर बाजारातला एकजण आणि एक सर्जन, दोघे पक्के पिणारे, एकमेकांशी बोलून बोलून न पिता राहिले, त्यातून निघालेलं. फी नाही. पण त्यांच्या दारू सोडायच्या बारा पायऱ्यांतला देव काही मला पचेना. मीटिंगनंतर चपला घालताना एका काकांना तसं बोललो, रिटायर्ड कंडक्टर, ते म्हणाले, "देव राहू दे रे, तू प्यायचास किती वाजता?"

म्हटलं, साडेसात.

"आणि जेवायचास?"

अकराला, जेवलो तर.

"मग सातला जेव की."

हसू आलं, पण बायकोने दुसऱ्या दिवसापासून दोन डबे दिले. दुसऱ्यात तीन चपात्या, कोरडी भाजी, तो साडेसहाला ऑफिसातच संपवायचा, बस एक स्टॉप पुढे सोडायची आणि मागच्या गल्लीने घरी यायचं, कारण नेहमीच्या रस्त्यावर दोन बार. भरल्या पोटी ती ओढ निम्मी होते, निदान माझी झाली. सोबत डॉक्टरांनी दिलेली डायसल्फिरामची गोळी, सकाळी, माझ्या मर्जीने. तिच्यावर प्यायलं की छाती धडधडते, उलट्या होतात, म्हणून सकाळी एकदा ठरवलं की दिवसभर परत परत ठरवावं लागायचं नाही. गोळी थांबल्यावर दोनदा घसरलो, एकदा गटारीला, आणि दोन्ही दिवशी दुसरा डबा घरीच विसरला होता.

तुमच्या मिस्टरांना हेच चालेल असं नाही. आमच्या शेजारचा एकजण पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात 35 दिवस राहून आला, त्याला घरापासून लांब जाणंच लागू पडलं, मी तिथून दुसऱ्या दिवशी पळालो असतो.

सहा वर्षं झाली, दुसरा डबा चालूच आहे. ऑफिसातला नवा पोरगा विचारतो, सर तुम्ही दोनदा का जेवता. मी म्हणतो, शुगर आहे.