क्योटोत हनिमून आणि माझं शाकाहारी पोट

लग्न ठरल्यापासून नवऱ्याचं एकच चालू होतं, जपान जपान. तुळशीचं लग्न झाल्या झाल्या पहिल्याच मुहूर्तावर आमचं उरकलं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही क्योटोत, मेपलची लाल पानं निम्मी झाडावर आणि निम्मी खाली. देवळं, बागा, किमोनो यावर भरपूर लोकांनी लिहिलंय, मी फक्त खाण्यावर लिहितेय, कारण मी शाकाहारी (अंडं चालतं, मासे अजिबात नाही), तो समोर येईल ते खाणारा, आणि निघायच्या आधी भेटेल तो मला सांगत होता की तू तिथे उपाशी राहणार. नाही राहिले, उलट वजन वाढलं.

चिकन-मटणाचा त्रास नसतो, ते डोळ्यांना दिसतं. खरी गोम दाशीत आहे. दाशी म्हणजे त्यांच्या जवळजवळ सगळ्या स्वयंपाकाचा पाया असलेलं पाणी, बहुतेक वेळा कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवून किसलेला बोनितो मासा, म्हणजे कात्सुओबुशी, यांचं. ते उडोन म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्समध्ये, मिसो सूपमध्ये, अंड्याच्या रोलमध्ये, अगदी साध्या भोपळ्याच्या भाजीतही घालतात. म्हणून नुसतं "मीट नको" म्हणून चालत नाही, ते बिचारे खरंच मीट काढून देतात, मासा मात्र पाण्यातच विरघळलेला असतो. फुशिमी इनारीला तर फारच गंमत, ते केशरी कमानींच्या रांगा असलेलं देऊळ. तिथल्या देवाच्या कोल्ह्याला म्हणे तळलेला टोफू आवडतो, म्हणून आसपास सगळीकडे टोफू घातलेलं कित्सुने उडोन आणि टोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी सुशी. दिसायला शंभर टक्के व्हेज, पण उडोनचा रस्सा आणि टोफू शिजवलेलं पाणी बहुतेक दाशीचंच. मी कमानींखालून वर चढत राहिले आणि नवऱ्याने खाली येऊन दोन प्लेट हाणल्या.

आम्ही केलं काय, तर नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका जपानी सहकाऱ्याकडून निघायच्या आधीच एक चिठ्ठी लिहून घेतली. त्यात काय चालत नाही ते होतंच, मांस, मासे, कोळंबी, शिंपले, कात्सुओबुशीचं दाशी. पण जास्त उपयोग झाला तो खालच्या अर्ध्या भागाचा, काय चालतं त्याचा: कोंबूचं दाशी, शिताके मशरूम, अंडं, दूध, टोफू, कुठलीही भाजी. नुसती नकारांची यादी दाखवली की स्वयंपाकी घाबरतो, पण चालणाऱ्या गोष्टी वाचल्या की त्याच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि चिठ्ठी दारातच दाखवायची, बसून पाणी पिऊन झाल्यावर नाही. काही ठिकाणी दोन्ही हातांची फुली करून वाकून सॉरी म्हणतात. पहिल्यांदा वाईट वाटलं, मग वाटलं की "हो हो व्हेज आहे" म्हणून काहीही वाढण्यापेक्षा हे लाख पटीने बरं.

क्योटो यासाठी चांगलं की इथे झेन मठांचं शाकाहारी जेवण आहे, शोजिन र्योरी. आराशियामाला तेन्र्यू-जी नावाचा १३३९ सालचा मठ आहे, त्याच्या आवारात शिगेत्सु म्हणून जेवणघर. लाल अंथरुणावर मांडी घालून बसायचं, समोर लाल लाखेच्या वाट्या. तिळाचं आणि कुझू नावाच्या कंदाच्या पिठाचं गोमा-दोफू, गव्हाच्या ग्लुटेनचं फू, लोणची, भात. मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. आमच्या आजीचा चातुर्मास इथे बारा महिने! तीही निवांत जेवली असती, फक्त तिखट मागितलं असतं. जेवण दुपारचंच मिळतं, बुकिंग करून जा, आणि बागेचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

नान्झेन-जी नावाच्या देवळाच्या बाजूला युदोफू खाल्लं, कोंबूच्या पाण्यात हळूहळू गरम केलेला टोफू, थंडीत फारच भारी. पण सोबतच्या सॉसमध्ये दाशी असू शकतं, म्हणून साधा सोया सॉस मागून घेतला.

एकंदर दुपारी पोटभर जेवायचं आणि रात्री जुगाड, हे आमचं टाइमटेबल. निशिकी मार्केटमध्ये संध्याकाळी लवकर दुकानं बंद होतात, त्याआधी वांगं आणि लाल शिसोच्या पानांचं शिबाझुके लोणचं आणि नामा यात्सुहाशी घ्यायची, म्हणजे दालचिनीच्या वासाची मऊ पातळ पारी आणि आत अझुकी म्हणजे लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. (तिथे चालत चालत खाऊ नका म्हणतात, दुकानापाशीच उभं राहून संपवायचं.) मग कोन्बिनी म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या सुपरमार्केटातून भाताचं तयार पॅकेट, ते तिथल्याच मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचं, आणि हॉटेलवर येऊन त्यावर आईने दिलेलं मेतकूट आणि लिंबाचं लोणचं. हनिमूनला मेतकूट-भात म्हणून नवऱ्याने आधी खूप हसून घेतलं आणि शेवटी पुडी त्यानेच संपवली.

शेवटची रात्र र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीच्या हॉटेलात होती. तिथे जेवण बुकिंगच्या वेळीच कळवावं लागतं, त्याच दिवशी सांगून काही होत नाही, म्हणून आम्ही चिठ्ठीचा फोटोच ईमेलने पाठवला होता. त्यांनी माझ्यासाठी वेगळा सेट केला, ताज्या युबापासून (सोयाच्या दुधावरची साय) मशरूमच्या भातापर्यंत सगळं कोंबूच्या दाशीत, आणि प्रत्येक वाटी ठेवताना मावशी माझ्याकडे बघून मान हलवायच्या, चालेल चालेल अशी. नवऱ्याच्या ताटात अख्खा भाजलेला मासा होता तरी त्याची नजर माझ्या युबावर. सकाळी नाश्त्याला नाट्टो, म्हणजे आंबवलेलं चिकट सोयाबीन आलं, सोबतची सॉसची पुडी त्यांनी स्वतःहून काढून ठेवली होती कारण तिच्यात मासा असतो. एवढी काळजी घेतल्यावर खाल्लंच पाहिजे म्हणून खाल्लं. नाट्टो शुद्ध शाकाहारी आहे आणि मी ते परत खाणार नाही.