पोटापाण्याची दुसरी सोय: हेवी लायसन

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी डिस्पॅच बघतो. नग मोजून घ्यायचे, वजनकाट्याची पावती लावायची, इनव्हॉइस आणि ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) काढायचं आणि लॉरी गेटातून बाहेर घालवायची, हे माझं काम. बी.कॉम. झाल्यापासून टेबलाच्या याच बाजूला बसलोय. मध्यंतरी ऑर्डरी पातळ झाल्या. तीन दिवस भट्टी आणि बाकीचे दिवस झाडलोट, असं सुरू झाल्यावर जो तो आपापला हिशेब मांडायला लागला. कुणी गोव्यात सिक्युरिटीला गेला, कुणी कर्ज काढून म्हशी घेतल्या. माझं लक्ष मात्र गेटावरच्या एका गोष्टीकडे गेलं. ऑर्डर असो नसो, ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं: "गाडी हाय हो, खरं ड्रायव्हर न्हाई."

आमच्या भागात लॉरीला काम नाही असा महिना नसतो. बेळगावची कास्टिंगं (ओतीव लोखंडी भाग) कोल्हापूर-पुण्याला जातात, चिकोडी-हुक्केरीकडची साखर निघते, निपाणीचा तंबाखू निघतो, इथल्या मार्केटातली भाजी घाट उतरून गोव्याला जाते. पुणे-बेंगळुरू हायवे तर दारातूनच जातो. म्हटलं, नोकरी आहे तोवरच दुसरं काहीतरी हाताशी करून ठेवावं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "शिकून सवरून लॉरी?" बायकोची काळजी वेगळी होती. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला तेव्हा हिरेबागेवाडी टोलजवळ महाराष्ट्र पासिंगच्या लॉऱ्यांवर दगड पडले, ते तिने टीव्हीवर बघितलेलं. मी म्हटलं, आपण चालवू ती गाडी केए-२२ची, म्हणजे बेळगाव पासिंगची असेल. ती म्हणाली, "आणि कोल्हापुरात गेल्यावर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

मित्रांचं म्हणणं, एवढा व्याप कशाला, कारचं लायसन आहेच की, पिकअप घे. त्यात तथ्य आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने निकालच दिला की साध्या एलएमव्ही (हलक्या मोटारीच्या) लायसनवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. पण छोट्या गाड्यांचा धंदा मालक-ड्रायव्हरांचा. गाडी स्वतःची, हप्ता स्वतःचा, आणि मार्केटच्या दारात भाड्यासाठी रांग. मला कर्ज काढून दुसरी चिंता विकत घ्यायची नव्हती. मोठ्या गाडीला माणूस लागतो आणि गाडी मालकाची असते, एवढा साधा विचार.

कागदपत्रांचा भाग लोक समजतात तेवढा अवघड नाही. हेवी लायसनसाठी मोटार वाहन कायद्याप्रमाणे वय २० पूर्ण हवं आणि एलएमव्ही लायसनला किमान एक वर्ष झालेलं हवं. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १-अ लागतो, त्यात लांबची नजर, रंगांची ओळख आणि कान तपासतात. चष्मा असला तरी चालतो, पण मग लॉरीत बसताना तो नाकावर पाहिजे. सरकारच्या सारथी पोर्टलवर अर्ज भरून लर्निंग मिळतं, ते सहा महिने चालतं, आणि पक्क्या लायसनच्या टेस्टला मध्ये किमान तीस दिवस जावे लागतात. आधीचं लायसन असल्यामुळे कॉम्प्युटरवरची सिग्नलची परीक्षा मला पुन्हा द्यावी लागली नाही. सरकारी फी काही शे रुपयांत भागते. खरा खर्च ड्रायव्हिंग स्कूलचा, कारण त्यांच्याकडे शिकल्याच्या फॉर्म ५ च्या दाखल्याशिवाय ट्रान्सपोर्टची (धंद्याच्या गाड्यांची) टेस्ट होत नाही.

स्कूल निवडताना मला शहाणपण होतं असं नाही, पण डिस्पॅचला असल्यामुळे ड्रायव्हर लोक ओळखीचे. त्यांनी दोन प्रश्न शिकवून पाठवलेलं. एक, रोज मी स्वतः किती वेळ स्टिअरिंगवर असणार? दोन, गाडी घाटात नेता का? पहिल्या स्कूलमध्ये दोन्हीचं उत्तर हसण्यावारी गेलं. "साहेब, टेस्टला घाट येत नाही," असं त्यांनी सांगितलं. तिथे एका गाडीत पाच-सहा पोरं बसायची आणि प्रत्येकाच्या वाट्याला पिरनवाडीपासून मच्छेपर्यंतचा तुकडा. दुसरीकडे थोडे जास्त पैसे गेले, पण शिकवणारे मामा वीस-बावीस वर्षं बेळगाव-मंगळूर-मुंबई फिरलेले. सगळे त्यांना मामाच म्हणायचे, स्कूलचे मालकसुद्धा.

मामांनी पहिले दोन-तीन दिवस गाडी हलवूच दिली नाही. सकाळी साडेपाचला मी जायचो, ऑफिस साडेनऊचं. आधी गाडीभोवती चक्कर. लोखंडी पाना घेऊन सहाही टायर वाजवायचे. आतला टायर बसला असेल तर ठण आवाज येत नाही, भद्द येतो. मग ब्रेकची हवा साठवणाऱ्या एअर टँकखालचा ड्रेन ओढायचा आणि साठलेलं पाणी फुस्सकन बाहेर पडलेलं बघायचं. पावसाळ्यात तर रोज. मग इंजिन चालू, आणि प्रेशर भरेपर्यंत गप्प बसायचं. कमी हवेचा बझर कोकलत असतो, काटा चढत जातो, बझर बंद होतो, आणखी थोडं चढल्यावरच हँडब्रेक सोडायचा. कारवाल्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की दाब गेला की ब्रेक गेले. लॉरीच्या पार्किंग ब्रेकमध्ये उलटं असतं: हवा स्प्रिंगला दाबून ठेवते, हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाकं जखडतात. म्हणून हवा गळणारी गाडी घाटात सुटण्याआधी रस्त्याच्या मधोमध ठिय्या मारून बसण्याचीच शक्यता जास्त. "मग मागनं येणाऱ्याचं काय, ते बघ," मामा म्हणाले.

गिअर आणि क्लच हाताला लवकर बसले. वेळ गेला तो डावीकडच्या वळणावर. कारमध्ये पुढचं चाक आपल्या पुढे असतं. लॉरीत ते पायाखाली असतं, त्यामुळे तोंड रस्त्यापलीकडे गेल्यासारखं वाटेपर्यंत स्टिअरिंग वळवायचंच नाही. आणि वळवलं की मागची चाकं आपली लाईन सोडून आत कापत येतात. मच्छे इंडस्ट्रियल एरियात शिरताना कोपऱ्यावर एक चहाची टपरी आहे. सकाळी तिथे बाकड्यावर पाय पसरून माणसं बसलेली असतात. त्या माणसांना तिथून कधी उठावं लागलं नाही, याचं सगळं श्रेय मामांच्या एका हुकमाला: "पुढं काय बघायलास? पुढचं तुला दिसतंयच की. डाव्या आरशात बघ, मागचा टायर बघ, तो सांगंल कधी वळायचं." गाडी कुठे चाललीय हे आरशात बघून ठरवायचं, हे मानेला पटायलाच कितीतरी दिवस लागले. त्यात खाली, केबिनच्या डाव्या कोपऱ्याला, मोटारसायकल मावेल एवढी जागा कुठल्याच आरशात दिसत नाही. तेव्हापासून मी स्वतः स्कूटरवर असलो की सिग्नलला लॉरीच्या डावीकडे उभा राहत नाही.

रिव्हर्सला मागे कानडी क्लीनर पोरगा उभा असायचा. "बरली, बरली, बरली" (येऊ दे, येऊ दे) असं एका सुरात चालू असायचं. हौद्यावर थाप पडली की जिथे असाल तिथे थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही.

आरटीओच्या ग्राऊंडवरची टेस्ट त्यामानाने किरकोळ झाली. गाडी पुढे घ्या, वळवा, रिव्हर्स घ्या, चढावर थांबवून मागे न सरकता उचला, हाताचे इशारे दाखवा. इन्स्पेक्टर कानडीत विचारत होते, मी मोडक्या कानडीत उत्तरं देत होतो, तेही शेवटी हसून मराठीवर आले. यथावकाश कार्ड आलं. ट्रान्सपोर्टचं लायसन पाच वर्षांचं असतं; २०१९ च्या दुरुस्तीआधी तीनच वर्षांचं असायचं.

कार्ड घेऊन मी ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडे गेलो. ड्रायव्हर नाही म्हणून रोज मला फोन करणारा हाच माणूस. त्याने कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "लोड घेऊन घाट उतरलास काय?" नाही म्हटल्यावर कार्ड परत दिलं आणि चहा मागवला. राग येण्यासारखं होतं, पण त्याचं गणित सरळ आहे. सहाचाकी लॉरीचं भरलेलं वजन २०१८ च्या नियमाप्रमाणे १८.५ टनांपर्यंत जातं, आणि मी शिकलो ती गाडी कायम रिकामी. रिकामी लॉरी उड्या मारते, पण थांबते. भरलेली ढकलत नेते. शिकाऊ माणसाला भरलेली गाडी कुणी देत नाही आणि भरलेली चालवल्याशिवाय शिकाऊपण जात नाही. या फटीबद्दल ड्रायव्हिंग स्कूल बोलत नाही आणि आरटीओचा त्याच्याशी संबंध नाही. लायसन म्हणजे आपली सोय झाली असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ती सोय इथून पुढे सुरू होते.

मार्ग निघाला तो डिस्पॅचच्या टेबलामुळे. आमचाच माल कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला घेऊन जाणारे एक जुने ड्रायव्हर, त्यांना मी अण्णा म्हणतो, त्यांचा क्लीनर गावी गेला होता. शनिवारी रात्री मी क्लीनर म्हणून चढलो. पुढे तो परिपाठच झाला. दोरखंड ओढायचा, ताडपत्री बांधायची, टोलला फास्टॅग वाचला नाही तर उतरून वाद घालायचा. हत्तरगी टोल ओलांडल्यावर मोकळ्या रस्त्यावर अण्णा स्टिअरिंग द्यायचे, आणि संकेश्वरच्या अलीकडे परत घ्यायचे. पुढे तवंदी घाट. तो उतरताना मी डावीकडे बसून फक्त त्यांचे पाय बघायचो.

घाटाच्या माथ्यावर, उतार सुरू होण्याआधीच, ते गिअर खाली घ्यायचे. उतारावर वेग धरल्यावर खालचा गिअर पडेलच याचा भरवसा नसतो. नाही पडला तर गाडी न्यूट्रलमध्ये, आणि मग सगळा भार ब्रेकवर. ब्रेक सतत दाबून ठेवला की चाकातला ब्रेकचा ड्रम तापतो, त्याला घासणारा लायनर धरेनासा होतो, पेडल तेच आणि गाडी मात्र ऐकत नाही. म्हणून एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग धरणारा) चालू, इंजिन घुमतंय, आणि पाय ब्रेकवर अधूनमधूनच. दाबला की नीट दाबायचा, वेग उतरला की सोडायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणारे बहाद्दर याच घाटात बाजूने सुसाट जातात. अण्णा त्यांच्याकडे बघायचेही नाहीत. निपाणीचे दिवे दिसायला लागले की ते पहिल्यांदा तोंड उघडायचे, तेही तंबाखू मागायला. काही शनिवारांनंतर एकदा माथ्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, डावीकडून चढले आणि म्हणाले, "चल." खाली येईपर्यंत माझ्या शर्टाची पाठ सीटला चिकटलेली. अण्णांनी तंबाखू मळता मळता एवढंच सांगितलं की ब्रेक तीनदा जास्त मारलास.

घाटापेक्षा मला सीझनचा ऊस जास्त भीतीचा वाटतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. रात्री समोरच्या गाडीच्या प्रकाशात ते अचानक उभं राहतं.

या लाईनीबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा १९६१ चा होता, त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास लिहिलेले होते. हे मी अण्णांना सांगितलं तर त्यांना तो विनोद वाटला. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मोठ्या लॉऱ्यांना एसी केबिन सक्तीची झाली, चांगलं झालं, पण आमच्या भागात फिरणाऱ्या गाड्या जुन्या आहेत. अपघात झाला तर चूक कुणाचीही असो, जमाव मोठ्या गाडीवाल्याला धरतो. नव्या भारतीय न्याय संहितेत धडक देऊन पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम आलं म्हणून जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी देशभर चाकं थांबवली, तेव्हा पेट्रोल पंपांवरच्या रांगा बघून मीही वैतागलो होतो. थांबलास तर मार, निघालास तर जेल, हा त्यांचा प्रश्न केबिनमध्ये बसल्यावर वेगळा ऐकू येतो. ते कलम सरकारने तूर्त बाजूला ठेवलं.

आता तोच ट्रान्सपोर्टवाला मला रविवारी गाडी देतो, कागलपर्यंतची. पगार नाही, भत्ता मिळतो. फाउंड्रीत ऑर्डरी पुन्हा बऱ्या चालल्यात, त्यामुळे घाई नाही. माझा एक फायदा अनुभवाने लक्षात आला: बिल्टीवरचं (ट्रान्सपोर्टच्या माल-पावतीवरचं) वजन आणि काट्यावरचं वजन जुळत नसेल तर मी गाडी सुरूच करत नाही, आणि ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस धरून कुठे संपते हे मला कुणाला विचारावं लागत नाही. मालकाला हे आवडलंय.

अण्णांचं म्हणणं, एवढं लिहिता-वाचता येतंय तर टँकरचं कर. पेट्रोल, गॅस, केमिकलच्या गाड्यांना लायसनवर वेगळा शेरा लागतो. त्यासाठी तीन दिवसांचं ट्रेनिंग असतं आणि एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता यावी अशी अट आहे, म्हणून तिथे माणसं आणखी कमी. पुढच्या महिन्यासाठी तीन दिवसांची रजा टाकलीय. मॅनेजरनी कारण विचारलं, मी घरचं काम म्हणून लिहिलंय.