दोनशे चौदा कोटींवर अटकलेला आकडा

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या यवतमाळकडच्या शाळेत नववीचा अर्धा वर्ग वावरात असतो. नवा धडा घेता येत नाही. आलेल्या पोरांची उजळणी चालू होती, तेवढ्यात एक मुलगी वही घेऊन टेबलाजवळ आली. वहीत लिहिलं होतं : २१४७४८३६४७.

"सर, भावाच्या मोबाइलवर गेम आहे. नाणे एवढे झाले अन् आता पुढं सरकूनच नाही राहिले. काऊन?"

आकडा बघताच ओळखला. २ चा ३१ वा घात वजा १. असल्या गेममध्ये आकडा ० किंवा १ च्या बत्तीस खान्यांत, म्हणजे बिटांत, साठवतात. त्यातला एक अधिक-उणे चिन्हासाठी गेला की उरलेल्या एकतीस बिटांत मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. तिला हवं ते उत्तर एवढंच होतं, पण मला राहवलं नाही. म्हटलं, "ही मूळ संख्या आहे."

"कोणं भागून पाह्यलं?"

ऑयलर या गणितज्ञानं, १७७२ साली. त्याची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेली होती. वर्गमूळ ४६३४० च्या थोडं वर, म्हणजे तिथपर्यंतच्या साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्यांनी भागायचं. मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "३१ मूळ आहे ना सर, मंग हेबी मूळच."

फळ्यावर २ चा ११ वा घात वजा १ लिहिलं : २०४७. ११ मूळ आहे, पण २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. "दोघांतून एक-एक काढा." २२ अन् ८८. थोड्या वेळानं तीच मुलगी म्हणाली, "दोन्ही बाविसाच्या पाढ्यातले." यामागचा फर्माचा छोटा सिद्धांत त्यांना अजून माहीत नाही, त्यामुळे कारण पुढच्या वर्षावर टाकलं. पण नियम त्यांनी स्वतः शोधला, याचा मला फार आनंद झाला. ३१ साठी तोच पाढा बासष्टचा. भाजक मूळ असेल तर ६२ च्या पटीपेक्षा एकानं मोठाच हवा. दुसरी चाळणी : ८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. २३ ला ७ उरतात, ८९ ला १; पोरांनी तेही ताडून पाहिलं.

दोन्ही चाळण्यांतून ४६३४० पर्यंत फक्त ३७३ संख्या उरतात. त्यातही ६३ आणि २४९ तीननं जातात. पहिली खरी संशयित ३११.

मग वर्गात भागाकार सुरू झाला. दहा अंकी संख्या, कॅल्क्युलेटर नाही, वहीचं अख्खं पान. दोघांची उत्तरं जुळेनात, एकाचा हातचा राहिला होता. शेवटी सगळ्यांची बाकी ३५ आली. ३११ ला ६९०५०९२ नं गुणून त्यात ३५ मिळवले, तेव्हा वहीतला आकडा जसाच्या तसा फळ्यावर उभा राहिला.

पुढची मूळ संशयित १३०३, बाकी २२६. ती त्या मुलीनं घरून करून आणली. वेचणीवरून परतणाऱ्या पोरांसाठी त्यापुढची यादी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आहे.