फणस की साग: कुडाळात घडवलेली माझी पेडल स्टील

ज्यांनी हवाईयन गिटार वाजवली आहे त्यांना पेडल स्टील समजावून सांगायला सरगम पुरते. मांडीवरच्या गिटारीवर बार (हातातला धातूचा दांडा) सरकवला की सगळ्या तारांचे सूर एकत्र सरकतात. एका तारेची मींड घ्यायची आणि बाकीच्या जागेवर ठेवायच्या, हे बार तिरका धरून थोडंफार जमतं, तेवढंच. पेडल स्टीलमध्ये ते काम पाय आणि गुडघे करतात. दहा तारांच्या ई-नाइन जुळणीत (तारा सुरात लावायची या वाद्याची एक ठरलेली पद्धत) ई हा सा धरला, तर एक पेडल पंचमाला धैवतावर नेतं आणि शेजारचं गंधाराला मध्यमावर. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प चं सा-म-ध होतं, तेही घसरत, मींडेनं. गुडघ्यानं खटका सरकवला की षड्ज निषादावर उतरतो. भावगीतं वाजवणाऱ्याच्या कानावर हे एकदा पडलं की साधी हवाईयन पुरत नाही. मला पुरली नाही.

अख्खं वाद्य अमेरिकेतून मागवण्यापेक्षा मी फक्त धातूचा सांगाडा मागवला: चेंजर (पेडल दाबलं की तारा ओढणारा किंवा सैल करणारा भाग), खुंट्यांचं डोकं, पेडलं, खालचे शाफ्ट, सळ्या आणि पिकअप (तारेचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग). सगळं जुनं, वापरलेलं. कस्टममध्ये 'सुटे भाग' आणि 'वाद्य' यावरून पार्सल काही काळ अडकलं, खरेदीची पावती आणि भागांचे फोटो दिल्यावर सुटलं. लाकडी अंग मात्र इथे, कुडाळात करायचं हे माझं आधीच ठरलं होतं, कारण खरा प्रश्न तिथेच होता. लाकूड कोणतं?

या वाद्याच्या जगात उत्तर ठरलेलं आहे: हार्ड मेपल, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं एक कठीण लाकूड. पॉल बिग्स्बी या अमेरिकन कारागिराने १९४८ मध्ये स्पीडी वेस्ट या वादकासाठी पेडल स्टील बांधली, तेव्हापासून बिग्स्बीची बर्ड्स-आय मेपलची (पक्ष्याच्या डोळ्यासारखे ठिपके असलेल्या मेपलची) वाद्यं प्रसिद्ध झाली. १९५४ मध्ये वेब पिअर्स या गायकाच्या 'स्लोली' या रेकॉर्डवर बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबून चढवलेला सूर ऐकू आला आणि सगळ्यांनाच तो आवाज हवासा झाला. १९५७ मध्ये शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या वादकांनी शो-बड ही पेडल स्टीलची कंपनी सुरू केली, तिथेही मेपलच. पण त्याच घराण्याचा मूळपुरुष पाहिला तर लाकूडच नाही. १९३२ मध्ये बाजारात आलेली रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' ही पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार, आणि ती हवाईयन होती, अंग पूर्ण ॲल्युमिनियमचं. स्टेजच्या दिव्यांनी धातू तापला की सूर हलायचे, म्हणून १९३५ पासून त्यांनी बेकेलाइट (एक टणक प्लास्टिक) वापरलं. मला या गोष्टीतून एक धागा मिळाला. आवाजाइतकीच, किंबहुना आधी, चौकशी करायची ती अंग किती स्थिर राहतं याची. आणि कोकणात दिव्यांची उष्णता नाही, पावसाळा आहे.

मेपल ओलं असताना आणि पूर्ण सुकल्यावर, या दोन टोकांमध्ये रुंदीला (वाढीच्या वलयांच्या दिशेने) सुमारे १० टक्के आकसतं. साग ६ टक्क्यांच्या आतच. घनतेत सुकं मेपल घनमीटरला ७०० किलोच्या आसपास, साग ६५० च्या, आणि ताठपणात दोन्ही जवळजवळ बरोबरीचे. जून ते सप्टेंबर आमच्याकडे हवा इतकी दमट असते की दारं फुगून चौकटीत अडकतात, मग दूरदेशीचं मेपल मुंबईहून आणून त्याला आमचा पाऊस कशाला दाखवायचा? मेपलची बाजू माझ्यापुरती इथेच संपली.

उरले साग, फणस आणि शिसव. मन फणसाकडे होतं. तंजावरची वीणा फणसाची, दक्षिणेतला मृदंगही फणसाचा, आणि कोकणातल्या जुन्या घरांत फणसाच्या दारांचा तो पिवळ्यातून लालसर तपकिरी होत गेलेला रंग मला फार आवडतो. सुतारकाकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बाय, नावार जाव नको. झाड खंयचा, किती वर्सां सुकला, ता बघ." मग त्यांनी वखारीतल्या फणसाच्या एका सुंदर फळीवर बोटाचं पेर आपटून दाखवलं. आवाज बद्द. "हेका अजून वारो लागाक होयो." त्यांच्या कानावर मी पूर्ण विश्वास टाकला, आणि आजही टाकते.

तरी स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतंच. एकाच मापाच्या तीन सुक्या फळ्या त्यांनी रंधून दिल्या: साग, फणस, शिसव. त्यावर आळीपाळीने तेच दोन लोखंडी टेकू, तीच तार, तोच पिकअप. भाचा तार छेडायचा, मी पाठ फिरवून बसायचे. शिसव मला दर वेळी ओळखता आली: सुरुवातीचा टणत्कार स्वच्छ, आणि सूर लांब टिकणारा. फणसात मधला भाग भरीव, पण सूर जरा लवकर विरायचा. साग आणि फणस यांची मात्र अनेकदा अदलाबदल व्हायची. यामागचं कारण सरळ आहे. चुंबकी पिकअप ऐकतो फक्त तारेचं कंपन, लाकडाचं नाही. लाकूड आवाजात येतं ते तारेची शक्ती किती आणि कोणत्या सुरांवर शोषून घेतं तेवढ्यापुरतं. मऊ, दमट लाकूड जास्त शोषतं, ताठ आणि सुकं कमी. म्हणून एका जातीच्या दोन फळ्यांत जेवढा फरक ऐकू येतो तेवढा कधी कधी दोन जातींतही येत नाही. मेपलच्या भक्तांना हे पटणार नाही, पण पाठ फिरवून ऐकायला बसावं त्यांनी.

शिसव आवाजात पहिली आली, तरी वजनाने मागे पडली. हे वाद्य पायांसकट पेटीत घालून उचलून न्यायचं असतं, आणि धातूचं ओझं आधीच पुष्कळ. शेवटी वरची मुख्य फळी सागाची आणि समोरची पट्टी फणसाची, असं ठरलं. सागही नवा नाही, तर उतरवलेल्या एका जुन्या घराच्या तुळईचा. कित्येक पावसाळे छपराखाली काढलेलं ते लाकूड, त्याला जे हलायचं होतं ते हलून झालेलं. (कोणाला नवं झाड तोडून लाकूड काढायचं असेल तर लक्षात ठेवा: साग, फणस, आंबा, खैर, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. परसातलं असलं तरी परवानगी लागते.)

जुन्या तुळईची एक ताकीद. रंधा लावण्याआधी चुंबक फिरवून प्रत्येक खिळा शोधायचा. काही खिळे डोकं तुटून आत बुडालेले असतात, वरून दिसतही नाहीत. आणि सागाला नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे जुना पृष्ठभाग तसाच चिकटवला तर जोड सुटतो. काकांनी जोडाची बाजू ताजी रंधली, थिनरने पुसली आणि लगेच सरस लावून शिकंजात धरली. वरून चपडा लाखेचं पॉलिश, हातानं, पातळ थरांत. जाड चकचकीत थर मी नको म्हटलं.

पुढचं काम एमआयडीसीतल्या लेथवर. आलेल्या सांगाड्यातले काही शाफ्ट वाकलेले होते, ते नवे करावे लागले. दोन्ही टोकांच्या ॲल्युमिनियमच्या प्लेटा आमच्या फळीच्या जाडीला बसेनात, त्या घासल्या. लेथवाले दादा वाद्यातले नाहीत, पण मशीन त्यांना रक्तातून कळतं. चेंजर फळीवर बसवताना त्यांनीच सुचवलं, "ताई, ह्याच्या खालचं पॉलिश खरवडून टाका. लोखंड लाकडावर थेट बसू दे." तसं केलं आणि बोल्ट सारखे आवळले. त्या एका दुरुस्तीने सूर जेवढा लांबला तेवढा मला तीन फळ्यांच्या तुलनेतही ऐकू आला नव्हता. लाकूड निवडण्यात ऋतू घालवणाऱ्यांनी एक दुपार या सांध्याला द्यावी.

मग आली खरी परीक्षा. दहा तारांचा मिळून ताण शंभर किलोहून जास्त. पेडल दाबलं की दोन-तीन तारांचा ताण आणखी वाढतो, अख्खं अंग किंचित वाकतं, आणि ज्या तारांना कोणी हात लावलेला नाही त्या थोड्या उतरतात. याला वादक कॅबिनेट ड्रॉप म्हणतात, आणि लाकडाचा ताठपणा सर्वांत स्वच्छ इथेच मोजता येतो. ट्यूनर लावायचा, न ओढल्या जाणाऱ्या षड्जाची तार छेडायची, दोन्ही पेडलं दाबायची आणि काटा बघायचा. पहिल्या जुळणीत षड्ज चांगलाच खाली जात होता. फळीच्या पोटाशी, चेंजरच्या मागे, सागाचीच एक आडवी पट्टी स्क्रू आणि सरसाने बसवल्यावर ती उतरण दोन-तीन सेंटवर आली (शंभर सेंट म्हणजे एक अर्धा सूर). एवढं नामांकित वाद्यांतही असतं आणि कानाला खुपत नाही.

आता आवाजाबद्दल. माझी पेडल स्टील अमेरिकन मेपलच्या वाद्यांसारखी काचेसारखी लखलखीत वाजत नाही. वरच्या पट्टीत तिचा सूर गोल आहे, आणि मंद्र पंचमावर बार ठेवून सावकाश धैवत चढवला की आवाजात गळ्याचा भास होतो. नाट्यपदाची एखादी ओळ तिच्यावर फार खुलते. यात सागाचा वाटा किती, जुन्या पिकअपचा किती आणि दादांनी खरवडलेल्या पॉलिशचा किती, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. मला तसं काढावंसंही वाटत नाही.

पावसाळ्यात अंग हललं नाही. त्रास झाला तो खाऱ्या हवेचा: तारा लवकर गंजतात, आणि चेंजरच्या बोटांखालच्या दांड्यावर तांबूस थर धरतो. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसणं, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणं आणि दांड्याला पातळ मशीन तेलाचा थेंब, एवढं नियमाने करते. तेल मात्र बेताचंच. लाकडात मुरलं तर पॉलिश उठतं.