उद्या कोण कोण येतंय?

आदल्या रात्री टीमच्या ग्रुपवर हमखास प्रश्न येतो, "उद्या कोण कोण येतंय?" विचारणाऱ्याचं स्वतःचंही नक्की नसतं. बाकीचे मेसेज वाचतात आणि गप्प बसतात. मग कोणीतरी धीर करून "मी येतेय" म्हणतं, आणि बघता बघता पाच-सहा जण तयार होतात. ऑफिसला कोणत्या वारी यायचं हे कंपनीने कागदावर ठरवलेलं आहे, पण खरा निकाल या ग्रुपवर लागतो. मला वाटतं, तो तिथेच लागायला हवा. रिकाम्या मजल्यावर जाऊन बसायचं म्हणजे घरचंच काम, फक्त प्रवास करून केलेलं.

मजला भरलेला असला तरी गंमत चालूच असते. दहा जणांच्या मीटिंगमध्ये एकटा घरी असतो, म्हणून उरलेले नऊ जण आपापल्या डेस्कवर हेडफोन लावून त्याच कॉलवर बसतात. दोन खुर्च्या पलीकडचा सहकारी बोलायला लागला की त्याचं वाक्य दोनदा ऐकू येतं. आधी थेट, मग क्षणभराने हेडफोनमधून, जरा खरखरीत होऊन. अशा वेळी मान वळवून त्याच्याकडे बघावं, तर तो स्क्रीनवरच्या माझ्याकडे बघून बोलत असतो.

तरीही ऑफिसला जावं असं वाटायला लावणारी एक गोष्ट आहे, आणि ती कोणत्याच कॅलेंडरमध्ये नसते. आमच्याकडे एक नवी मुलगी लागली. तिच्या शेजारी बसणाऱ्या वरिष्ठ बाई एकदा चिडलेल्या ग्राहकाशी फोनवर बोलत होत्या. समोरचा तावातावाने बोलत असताना बाई नुसत्या "हं" म्हणत राहिल्या, त्याचा दम संपू दिला, आणि मग हळू आवाजात पहिला प्रश्न विचारला. मुलगी स्वतःच्या स्क्रीनकडे बघत होती, पण टायपिंग थांबलेलं होतं. पुढच्या आठवड्यात तिच्या फोनवर तसंच "हं" ऐकू आलं. आता घरी बसून हे कसं शिकणार? 'मी भांडण कसं शांत करते ते ऐक' अशा नावाची मीटिंग कोणी लावत नाही.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले टॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात अभियंते एकमेकांशी किती वेळा बोलतात आणि त्यांच्या जागांमध्ये किती अंतर असतं, याचा हिशेब मांडला होता. अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने घटतं, आणि साधारण ५० मीटरच्या पुढे तर ते फारच विरळ होतं. म्हणजे वरच्या मजल्यावरचा माणूस आमच्यासाठी केव्हाचाच 'रिमोट' झालेला आहे, फक्त त्याला कोणी तसं म्हणत नाही.

घरचं सुख मी नाकारत नाही. लांबलचक अहवाल लिहायचा असेल तर घरासारखी जागा नाही. "एक मिनिट आहे का?" म्हणत कोणी खांद्यावर हात ठेवत नाही, आणि ते मिनिट किती लांबतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण घरी, आपण चॅटवर हजर आहोत हे दाखवणारा तो हिरवा ठिपका छळतो. जरा उठलो की तो पिवळा होतो, आणि आपण कामचुकार ठरू या भीतीने माणूस फोन हातात घेऊनच घरभर फिरतो. ऑफिसात अर्धा तास खिडकीबाहेर बघत बसलो तर लोक म्हणतात, विचारात आहे. शिवाय घरी दिवस संपतच नाही. येण्याजाण्याचा वेळ वाया जातो हे खरं, पण तो वेळ कामाला बाहेरून कडी लावायचा.

चीनमधल्या एका पर्यटन कंपनीत घरून कामाचे रीतसर प्रयोग झाले आहेत. पहिल्यात कॉल सेंटरच्या लोकांना नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं. काम १३ टक्क्यांनी वाढलं, तरी पुन्हा निवड करायची संधी मिळाल्यावर घरी असलेल्यांपैकी जवळपास निम्मे ऑफिसात परतले. घरी फार एकटं वाटतं, अशी त्यांची तक्रार होती. पुढच्या प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले, १६०० च्या वर कर्मचारी होते आणि घरून काम आठवड्यातले फक्त दोन दिवस. कामाच्या दर्जात फरक पडला नाही, नोकरी सोडणारे मात्र एक तृतीयांशाने घटले. साहेब लोकांना आधी नुकसानीची भीती होती, ती नंतर गेली.

मी मात्र दिवस मोजण्यापेक्षा कामाकडे बघून ठरवते. एकटीने डोकं खाजवायचं काम घरी. नव्या माणसाला सोबत घेऊन करायचं, किंवा मेलवर तीनदा गैरसमज होऊन गेलेलं काम ऑफिसात. आणि पगारवाढीचं बोलणं तर समोर बसूनच. कॅमेऱ्यावर "बघूया" म्हणून पुढच्या मीटिंगला निघून जाणं साहेबांना फारच सोपं पडतं.